पेटी कुठली?

छावणीतल्या आमच्या दुकानात कुणी येऊन ‘पेटी पाहिजे’ म्हणालं, की आम्ही विचारायचो, “पेटी कुठली?” नव्या माणसाला हा प्रश्न विचित्र वाटायचा. पण आमचा इलाज नव्हता. आम्ही दोन तऱ्हेच्या पेट्यांचं काम करायचो. एक वाजवायची, म्हणजे हार्मोनियम. दुसरी आम्हा ख्रिस्ती माणसांना शेवटी लागते ती. वाजवायच्या पेट्यांची दुरुस्ती हा सासऱ्यांपासूनचा धंदा. दुसरं काम माझ्या नवऱ्याच्या गळ्यात आपोआप पडलं. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, सुतारकाम येणारे तेच एक, त्यामुळे कुणी गेलं की लोक आमच्याच दारात यायचे. मराठीत दोन्हींना पेटीच म्हणतात, यात आमचा काय दोष?

माझ्या नवऱ्याचं नाव याकोब. सगळी छावणी त्यांना मिस्त्री म्हणायची, म्हणून मीही मिस्त्रीच म्हणायचे. लाकूड त्यांचं आणि आतलं काम माझं. शवपेटीला आतून पांढरं साटीन लावायचं, खाली कापूस भरायचा, कडेनं झालर शिवायची. हार्मोनियमचा भाता बांधायचा, तोही मीच. भाता म्हणजे पेटीचं फुफ्फुस. पुठ्ठ्याच्या घड्या, त्यावर कापड, आणि सांध्यांवर मेंढीच्या मऊ कातड्याच्या पट्ट्या सरसानं चिकटवायच्या. एखादी घडी जरा जरी उघडी राहिली तरी तिथून हवा जाते आणि सूर दमेकऱ्यासारखा तुटत तुटत येतो. लोक वाजवायच्या पट्ट्या बघतात, पॉलिश बघतात. भाता कुणी बघत नाही. साटीन तर बघून बघून किती वेळ बघणार? थोडक्यात, माझं आयुष्य दोन्ही पेट्यांच्या न दिसणाऱ्या बाजूला गेलं आणि मला त्याचा अभिमान आहे.

आलेलं गिऱ्हाईक कुठल्या पेटीचं, हे पुढे पुढे न विचारताही कळायला लागलं. वाजवायच्या पेटीवाला आत आला की त्याची बोटं स्वस्थ बसत नाहीत. समोर असेल त्या पेटीची पट्टी दाबून बघतो. दुसऱ्या पेटीवाल्याची मूठ मिटलेली असते. तिच्यात सुतळी असते. गेलेल्या माणसाच्या उंचीइतकी, आणि खांद्यांच्या रुंदीला गाठ मारलेली. ते माप तोंडानं सांगणं कुणालाच जमत नाही, म्हणून ही पद्धत. मिटलेली मूठ दिसली की मिस्त्री काही न बोलता हात पुढे करायचे आणि मी आत चहा टाकायचे.

गमतीही व्हायच्या. एकदा फुलंब्रीकडच्या एका गावचं भजनी मंडळ सप्त्याच्या आधी पेटी दुरुस्तीला घेऊन आलं. काम होईस्तोवर ती मंडळी ओट्यावर बसून भाकरी खात होती. बसायला त्यांनी एक तयार शवपेटी घेतली होती, सतरंजी टाकून. त्यांतल्या एका पाटलांना ती इतकी आवडली की खाऊन झाल्यावर त्यांनी तिच्यावर थाप मारून विचारलं, “मिस्त्री, वाकळा ठेवायला लई झ्याक हाय ही. केवढ्याची?” मिस्त्रींनी ती कशाची ते सांगितलं. सगळे जण उठून उभे राहिले. पाटलांनी धोतर झाडलं, पेटीभोवती एक चक्कर मारली, विचार केला आणि म्हणाले, “आसू द्या. किंमत तर सांगा.”

खुलताबादचे कव्वाल यायचे, त्यांच्या बाबतीत मात्र कधी घोटाळा व्हायचा नाही. ते हार्मोनियमला बाजा म्हणतात. ‘बाजा साँस छोड रहा है’ म्हणाले की काम माझं. आमच्या शेजारी लाकडाची वखार होती, तिचे मालक रशीदभाई. आमचं सगळं लाकूड त्यांच्याकडून यायचं आणि सगळे फोनही त्यांच्याकडेच यायचे, कारण आमच्याकडे फोन नव्हता. तेही बाजाच म्हणायचे. त्यांच्या तोंडून ‘पेटी’ आलं की ती दुसरी पेटी, हे इतकं पक्कं होतं की त्याचा आम्ही कधी विचारसुद्धा केला नाही. पुढे जे झालं त्याचं मूळ तिथं आहे.

आणखी एक सांगते, म्हणजे कामाची कल्पना येईल. भात्याची गळती शोधायला मी उदबत्ती वापरायचे. मिस्त्री भाता दाबायचे आणि मी पेटलेली उदबत्ती प्रत्येक घडीजवळून हळू फिरवायचे. धूर जिथं वाकडा झाला तिथं भोक. एकदा मंडळीचे नवे पाळकसाहेब ओळख करून घ्यायला आले आणि दारातच थबकले. मी पेटीपुढे उदबत्ती ओवाळतेय, असा त्यांचा समज झाला. मिस्त्रींनी त्यांना हात धरून भात्याशी नेलं, धूर दाखवला, तरी पुढच्या रविवारचा उपदेश मूर्तिपूजेवरच झाला. आम्ही दोघं बाकावर खाली मान घालून हसलो. हसणं त्या काळी आमच्या घरात फार स्वस्त होतं.

ते संपलं समुवेल गेल्यावर.

समुवेल आमचा एकुलता एक. वाळूजला एका वर्कशॉपमध्ये लागला होता. पहिल्या पाळीला मोटारसायकलवरून जाताना डुलकी लागलेल्या ट्रकवाल्यानं उडवलं. तो जागीच गेला, एवढंच आम्हाला सांगितलं आणि एवढंच मी ऐकून घेतलं. पेटी मिस्त्रींनी केली. त्याला सुतळी लागली नाही. सगळे म्हणत होते, मार्था, अस्तर दुसऱ्या कुणाला तरी लावू दे. मी दिलं नाही. ज्या पोराची लंगोटं शिवली त्याचं शेवटचं कापड परक्यानं का शिवावं? मी मशीनवर बसले आणि झालर शिवली. टाके सरळ आले. त्याचं मला अजून नवल वाटतं.

त्यानंतर मी एकही भाता बांधला नाही. ठरवून नाही. पहिल्यांदा एक पेटी घेऊन बसले, भाता उघडला आणि आत हवा भरल्याचा आवाज झाला. कुणीतरी श्वास घेतल्यासारखा. मी उठले आणि सरसाचं भांडं मोरीत नेऊन ठेवलं. शवपेट्यांचं काम मात्र चालू ठेवलं, कारण त्यात काही आवाज करत नाही. भात्याशिवाय हार्मोनियमची दुरुस्ती कसली? मिस्त्रींनी एकाला परत पाठवलं, दुसऱ्याला पाठवलं, मग लोक यायचेच थांबले. दोन वर्षं गेली. ‘पेटी कुठली?’ हा प्रश्न आमच्या दुकानात कुणी विचारेना, कारण पेटी एकच उरली होती.

देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, मी जायचे. सवयीनं जायचे. गायनाला सगळ्यांबरोबर उभी राहायचे आणि तोंड मिटून ठेवायचे. घरी सांत्वनाला बायका येत आणि सांगत की देवाची काहीतरी योजना असेल. योजना हा शब्द ऐकला की माझ्या डोक्यात तिडीक जायची. पाण्याची योजना असते, घरकुलाची असते. माझं पोर ट्रकखाली घालायची कसली योजना? पण हे मी बोलले नाही, ना त्यांच्याशी ना देवाशी. योजना सांगणाऱ्या बायकांना चहा विचारायचं मात्र बंद केलं. मी देव सोडला नव्हता. त्याच्या घरात जाऊन त्याच्याशी अबोला धरला होता, एवढंच. आणि मिस्त्री माझ्याकडे बघून गप्प झाले होते. एका छपराखाली दोन माणसं आणि सगळं घर मुकं.

आता मास्तरांचं सांगते. दानिएल मास्तर मंडळीच्या शाळेत शिकवायचे आणि रविवारी गायन चालवायचे. छावणीतली दोन पिढ्यांची पोरं त्यांच्याकडे सूर धरायला शिकली, समुवेलही. मास्तरांची स्वतःची एक जुनी हार्मोनियम होती. तिचा भाता उंदरांनी कुरतडला म्हणून ती त्यांनी आमच्याकडे आणून टाकली होती, आणि पुढच्याच आठवड्यात आमच्यावर आभाळ कोसळलं. मास्तरांनी ती पेटी कधी मागितली नाही. मग त्यांनाच पोटाचा आजार झाला. दवाखान्यानं औषधं करून बघितली आणि शेवटी घरी न्यायला सांगितलं. त्यांचा मुलगा चितेगावला कारखान्यात होता, तो त्यांना तिकडे घेऊन गेला. मंडळीत दर रविवारी त्यांच्यासाठी प्रार्थना व्हायची आणि प्रार्थनेचा सूर ऐकूनच कळायचं की आता फार दिवस नाहीत.

नाताळाच्या आधीचे दिवस होते. सकाळची कोवळी उन्हं ओट्यावर आली होती आणि रशीदभाई वखारीतून आमच्याकडे चालत आले. एरवी ते तिथूनच हाक मारायचे. त्यांनी डोक्यावर रुमाल टाकलेला होता.

“भाभी,” ते हळू म्हणाले, “चितेगाव से फोन था. मास्तर की पेटी भेजो बोले. आज के आज भेजो बोले.”

त्यांनी ‘क्या हुआ’ म्हणून विचारलं होतं, पण लाईन खरखरली आणि तुटली. परत लावला तर लागेना. विचारण्यासारखं तरी काय राहिलं होतं? मिस्त्रींनी टोपी काढली. मग तिघंही कामाला लागलो. रशीदभाईंनी आतल्या सागवानी फळ्या काढल्या, मास्तरांनी त्यांच्या थोरल्याला शाळेत शिकवलं होतं म्हणून. सुतळीची वाट बघितली नाही. मास्तरांचं माप मला ठाऊक आहे, असं मिस्त्री म्हणाले. मी साटीन लावलं, मास्तरांच्या उशाला कापूस जरा जास्त भरला. दुपार कलायच्या आत पेटी टेम्पोत चढवली आणि आम्ही तिघं पैठण रस्त्याला लागलो.

चितेगावात मास्तरांच्या मुलाचं घर वस्तीच्या कडेला होतं. अंगणात माणसं नव्हती. मला वाटलं, लोक अजून पोचायचेत. मिस्त्री आणि रशीदभाईंनी पेटी उतरवून अंगणात ठेवली, आणि मी झाकणावरचा क्रूस पदरानं पुसला. तेवढ्यात मास्तरांची बायको, एस्तेरबाई, आतून आल्या. हाताला कणीक होती. करंज्या चालल्या होत्या. त्यांनी आमच्याकडे बघितलं, पेटीकडे बघितलं, आणि कणकेचा हात तसाच हवेत राहिला.

“हे काय आनलंय?” त्या म्हणाल्या. “मार्था, जिता मानूस हाय घरात. जिता मानूस हाय अन् तुमी पेटी घिऊन आलात व्हय?”

रशीदभाई रुमालाशी चाळा करत राहिले. आणि आतून, अगदी ओळखीचा, पातळ झालेला पण खणखणीत आवाज आला.

“कोन आलंय गं? पेटी आली का?”

त्या क्षणी मला सगळं उलगडलं. पेटी, म्हणजे त्यांची पेटी. दोन वर्षं आमच्या माळ्यावर पडलेली, उंदरांनी खाल्लेली. नाताळाची गाणी म्हणायला त्यांना ती हवी होती. निरोप देणाऱ्यानं पेटी म्हटलं, आणि रशीदभाईंनी शब्दाला शब्द तसाच आणून दिला. जन्मभर बाजा म्हणणाऱ्या माणसाच्या तोंडी पेटी आली आणि आमच्यापैकी एकानंही विचारलं नाही की पेटी कुठली.

मास्तर भिंतीला धरून बाहेर आले. सदऱ्यात निम्मे उरले होते. एस्तेरबाई आडव्या आल्या, म्हणाल्या, तुमी आत चला, काय नाय ते. पण उंबऱ्यातून अंगण लपत नाही. मास्तर पायरीवर थांबले. चकचकीत पॉलिशची सहा फुटी पेटी, वर क्रूस, बाजूला आम्ही तिघं माना घालून उभे. त्यांनी ते सगळं सावकाश बघून घेतलं. मग चष्मा नीट केला.

“मिस्त्री,” ते म्हणाले, “हिच्या पट्ट्या कुठं हायेत?”

आणि ते हसायला लागले. खोकला आला तरी हसत होते, पोट धरून, पायरीवर बसून. म्हणाले, लई ऐसपैस केलीत, दोघं मावू. एस्तेरबाई आधी रडल्या, मग नवऱ्याला रागावल्या, मग पदरात तोंड घालून त्याही हसायला लागल्या. रशीदभाई ‘तोबा तोबा’ म्हणत भिंतीला टेकले. आणि मला कळायच्या आत माझ्या तोंडून हसू फुटलं. मोठ्यानं, पहिल्यासारखं. मिस्त्रींनी चमकून माझ्याकडे बघितलं.

ते बघणं मला सोसवलं नाही. माझं पोर मातीत आणि मी दुसऱ्याच्या अंगणात खिदळतेय. मी घरामागे गेले आणि धुणं धुवायच्या दगडावर जाऊन बसले. समोर गव्हाचं रान होतं, हिरवंगार. ते हिरवं बघूनही राग आला.

थोड्या वेळानं मास्तर काठी टेकत आले. मी उठायला लागले तर त्यांनी काठीनंच खाली बस म्हणून खुणावलं आणि शेजारच्या उलट्या बादलीवर बसले. मी विचारलं, “मास्तर, तुम्हाला हसू कसं येतं? तुम्हाला भीती नाही वाटत?”

“वाटती की,” ते म्हणाले. “पोटात कळ आली म्हंजी मी देवाला लई बोलतो. एस्तेर कान झाकून घेती. शास्त्रात बी समदे बोललेत त्याला, मी काय नवा नाय. आन् बोलून बोलून दमलो म्हंजी ध्यानात येतं, की इतका येळ तो हितंच बसून ऐकत व्हता. मंग बरं वाटतं. मंग गानं सुचतं.” ते दम खायला थांबले. “सम्या गेला तवा तू भांडलीस त्याच्यासंगं?”

मी मान हलवली. नाही.

“काहीच नाय बोललीस?”

“नाही.”

“मंग भांड आता,” मास्तर म्हणाले. “अबोला धरून कुनाचं घर चाललंय?”

एवढंच. योजना नाही, इच्छा नाही, बरं वाटेल असंही नाही. शाळेत पोराला चुकलेलं गणित पुन्हा करायला सांगावं तसं सांगितलं आणि उठून गेले.

शवपेटी आम्ही परत न्यायला निघालो, तर मास्तरांनी ती ठेवून घेतली. एस्तेरबाईंनी आठवडाभर तिच्याकडे पाठ केली, मग हिवाळा वाढला तसे तिच्यात जादाच्या वाकळा-चादरी ठेवायला लागल्या. डॉक्टरांचे सगळे अंदाज चुकवून मास्तर पुढचा पावसाळा पाहून गेले, ते त्याच पेटीतून. मी अस्तर तेवढं बदलून दिलं. पण ते नंतरचं.

चितेगावहून आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी मिस्त्रींना म्हटलं, मास्तरांची पेटी माळ्यावरून काढा. त्यांनी पेटी काढली, धूळ झटकली, पाट मांडून दिला, आणि मला काय वाटेल या भीतीनं स्वतः बाहेर जाऊन ओट्यावर रंधा मारत बसले. रंध्याखाली लाकूड नव्हतं, हे मला आवाजावरून कळत होतं.

मी जुना भाता सोडवला. उंदरांनी घडीन् घडी खाल्ली होती. नवा पुठ्ठा कापला, कापड लावलं, सरस गरम केला, कातड्याच्या पट्ट्या काढल्या. आणि पहिली पट्टी दाबून धरताना मी बोलायला सुरुवात केली. आधी मनात, मग तोंडानं. देवाला विचारलं की तुला दुसरा कुणी मिळाला नाही का. तुझाही येशू एकुलता एकच होता ना, मग तुला तरी कळायला पाहिजे होतं. तुझा तू तिसऱ्या दिवशी परत घेतलास, माझ्या वेळी कुठं गेला होतास? त्या ट्रकवाल्याला जरा डुलकी कमी दिली असतीस तर तुझं काय जात होतं? मी असं असं बोलले की इथं लिहायची लाज वाटते. सरस निवत होता, मी परत तापवत होते आणि परत बोलत होते. रडले, नाक पुसलं, सरस नाकाला लागला. बाहेर रंधा थांबला होता. मिस्त्री सगळं ऐकत होते.

दिवस मावळायला आला तेव्हा शेवटची घडी बसली. मला बोलायचं काही उरलं नव्हतं. आकाशवाणी झाली नाही, उत्तर मिळालं नाही. पण दोन वर्षांत पहिल्यांदा त्या खोलीत मी एकटी नाही असं वाटलं. एखाद्या माणसाला सगळं सुनवावं, आणि तो उठून न जाता समोर बसून राहावा, तसं. मिस्त्री आत आले. त्यांनी भाता दाबला, मी उदबत्ती फिरवली. धूर सगळीकडे सरळ वर गेला. मग त्यांनी माझ्या नाकावरचा वाळलेला सरस नखानं काढला.

नाताळाच्या आदल्या संध्याकाळी पेटी घेऊन चितेगावला गेलो. या खेपेला एस्तेरबाईंनी दारातच कापड उचलून बघितलं, पट्ट्या आहेत याची खात्री केली आणि मगच ‘सलाम, या’ म्हणाल्या. शेजारची दोन-चार कुटुंबं जमली होती. मास्तर उशांना टेकून खाटेवर बसले होते. पेटी त्यांच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी उजवा हात पट्ट्यांवर ठेवला आणि डावा भात्याकडे नेला, पण तो हात आता ऐकत नव्हता. भाता हलला आणि मिटला. सगळे खाली बघायला लागले.

मी उठून खाटेच्या पलीकडच्या बाजूला बसले आणि भाता हातात घेतला. मास्तरांनी मान डोलावली. माझा हात आणि त्यांची बोटं, अशी ती पेटी वाजायला लागली. आत हवा भरण्याचा आवाज माझ्या अगदी कानाशी होता आणि तो मला सोसवत होता. लहान पोरांना शिकवतात ते बाळ येशूचं गाणं त्यांनी धरलं. मास्तर गायले, बाकीचे मागून गायले. मी तोंड मिटून भाता मारत होते. दुसरं कडवं आलं आणि मास्तरांचा दम संपला. आवाज विझला, बोटं मात्र चालत राहिली. बाकीच्यांना ते कडवं येत नव्हतं. एस्तेरबाईंना येत होतं, पण त्या रडत होत्या. मिस्त्री जन्मात कधी गायले नाहीत. सूर नुसताच पुढे चालला, शब्दांवाचून.

मला ते कडवं येत होतं. मी तोंड उघडलं आणि गायला लागले. आवाज घोगरा, गंजलेला. बाळाला कुठं निजवलं ती ओळ आली. तिथं ‘गव्हाणीत’ असा शब्द आहे. माझ्या तोंडून आलं, ‘गव्हात’.

मास्तरांची बोटं थांबली. माझाही हात थांबला.

समुवेल तसंच म्हणायचा. छावणीत वाढलेलं पोर, गुरांची गव्हाण त्यानं कधी बघितली नव्हती. दौलताबादची सीताफळं आणली की मी पिकायला गव्हाच्या डब्यात ठेवायचे. ते बघून त्यानं ठरवून टाकलं होतं की थंडी लागू नये म्हणून मरियेनं बाळाला गव्हात ठेवलं. मास्तरांनी किती वर्षं त्याचा शब्द सुधारायचा प्रयत्न केला, नाताळाच्या कार्यक्रमात स्टेजच्या खाली बसून ‘णीत, णीत’ करायचे. हा पठ्ठ्या सगळ्यांत मोठ्या आवाजात ‘गव्हात’ म्हणायचा.

दोन वर्षं मी डोळे मिटले की समुवेल मला एकाच जागी दिसायचा, मी लावलेल्या पांढऱ्या साटिनात. दुसरा कुठलाच समुवेल मला आठवत नव्हता. त्या संध्याकाळी तो माझ्यासमोर उभा राहिला, पुढचे दोन दात पडलेले, मिस्त्रींचा मफलर गळ्यात, मान वर करून गळा काढून गाणारा. मी भाता धरून तशीच बसले होते. गालांवरून पाणी वाहत होतं, आणि मी हसत होते, आणि या वेळी मला त्याचं काही वाटलं नाही. पलीकडे मिस्त्रींनी टोपीनं तोंड झाकून घेतलं होतं. त्यांचे खांदे हलत होते आणि तेही हसतच होते, हे मी लग्नाची बायको म्हणून सांगते.

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. बोटं परत पट्ट्यांवर ठेवली.

“परत घे,” ते म्हणाले. “तसंच म्हन.”

मी भाता भरला आणि तसंच म्हटलं.